बाळासोंच्या गच्चीवरचा डबा

मंगळवार पेठेत ‘केबलवाले सोमशेखर’ म्हणून विचारा, शेंबडं पोरसुद्धा बोट करून दुकान दाखवील. पण दुकानात गेल्यावर जोतीराम कुठं आहे, असं तेवढं विचारू नका. २००६च्या पावसाळ्यापासून तिथं ते कुणी विचारत नाही. एखाद्या नवख्या पावण्यानं विचारलंच, तर सोमशेखर भलतंच काहीतरी बोलतो.

हा सोमशेखर मूळचा जयसिंगपूरचा. वडील बसलिंगाप्पा यांचं तिथं धान्याचं दुकान. पोरगं गल्ल्यावर बसायचं सोडून रेडिओ उघडून बसतंय म्हणून वैतागून त्यांनी त्याला कोल्हापूरला आयटीआयला धाडलं. शिकून परत येईल असं त्यांना वाटलं. कुठलं येतंय! ब्याण्णव-त्र्याण्णवला डिशचं वारं आलं आणि ह्यानं पेठेत छत्री उभी करून गल्लीभर केबल ओढायला घेतली. अडचण एकच होती, पण मोठी होती. गडी उंचीला भ्यायचा. दुसऱ्या मजल्यावरून खाली बघितलं तरी भिंत धरून खाली बसायचा. आता केबलचा धंदा आणि गच्चीचं भ्या, कसं जमायचं हो?

जमवलं ते जोतीरामनं. जोतीराम इमारती रंगवणारा गडी. पहाटे तालमीत घुमायचा आणि दिवसभर परांचीवर बसून भिंती रंगवायचा. पायताण काढून कठड्यावरनं असा चालायचा, की बघणाऱ्यानंच डोळे मिटावेत. “तू खाली बस, शेखर. वरचं माझ्याकडं लागलं,” असं तो एकदा म्हणाला आणि तेरा वर्षं तसंच चाललं. खालचं डोकं सोमशेखरचं, वरचे हातपाय जोतीरामचे. नुसती भागी नव्हती ती. सोमशेखरच्या लग्नात जोतीराम पंगतीला वाढत होता, आणि जोतीरामची बायको बयाबाई सोमशेखरला भावजी म्हणायची.

केबलवाल्याच्या डोक्यात एक गोष्ट खिळा मारल्यासारखी पक्की असते. बिघाड म्हणजे तार. चित्राला मुंग्या आल्या, तार बघा. आवाज गेला, जॉइंट बघा. केबलच्या धंद्यात हे एकदाही खोटं ठरलं नव्हतं. २००४ साली त्याच गच्च्यांवरनं दोघांनी इंटरनेटची तार ओढली, तेव्हा तेच डोकं बरोबर घेऊन ओढली. पुढचा सगळा घोळ तिथनं सुरू झाला.

मांडणी साधी होती. दुकानात एक राऊटर. तिथनं गच्च्यागच्च्यांवर पत्र्याचे डबे, डब्यात स्विच, आणि स्विचमधनं घरोघरी तार. पासष्ट घरं झाली होती. यातला सगळ्यात वंगाळ डबा बाळासोंच्या तीन मजली घरावरचा. वर जायला जिना न्हाई. टाकीच्या बाजूनं गंजकी लोखंडी शिडी, शिडी संपली की वीतभर रुंदीचा कठडा, त्यावरनं चार पावलं, मग डबा. उन्हाळ्यात चालून जायचं. पावसाळ्यात त्या कठड्यावर हिरवंगार शेवाळ धरायचं. आणि कोल्हापूरचा पाऊस काय चार दिवसांचा असतो व्हय?

त्याच डब्यातनं तालमीला जोडणी दिली होती. फुकट. पेठेत धंदा करायचा आणि तालमीला न्हाई म्हणायचं, हे कोल्हापुरात कुणाच्या बापाला जमलेलं नाही. तालमीचे विजयसिंह एकदा दुकानात येऊन एवढंच म्हणाले, “शेखरआप्पा, आपल्या फुटबॉलच्या पोरास्नी परदेशातल्या मॅची बघायच्यात की.” दुसऱ्या दिवशी तार गेली. बाकी घरांना वेगाचा लगाम होता. तालमीला लगाम घालायचं सोमशेखरच्या मनातसुद्धा आलं नाही.

२००६च्या जूनमध्ये फुटबॉलचा वर्ल्डकप आला. तालमीतल्या कॉम्प्युटरवर कुणीतरी एक प्रोग्रॅम बसवून दिला. त्याची तऱ्हा अशी, की अख्खी मॅच एका ठिकाणाहून आणायची नाही. जगभरातल्या हजार घरांचं दार एकाच वेळी वाजवायचं आणि प्रत्येकाकडनं तुकडा तुकडा मागून आणायचा. दुपारी जेवणं झाली की पोरं दहा-बारा मॅची लावून सरावाला निघून जायची. कॉम्प्युटर दारं वाजवत बसायचा.

आणि दुपारी तीन-साडेतीनच्या सुमाराला पेठेतलं नेट मरायचं.

मरायचं म्हणजे तेही धड नाही. जे चालू असेल ते चालू राहायचं, नवीन काही उघडायचं नाही. चॅटवर बोलणारा बोलतच राही, आणि शेजारच्या घरात मेल उघडेना. दुकानातला फोन केकाटायला लागायचा. मग जोतीराम शर्टाच्या बाह्या वर सारून निघायचा, एकेक डबा बघत बाळासोंच्या गच्चीवर पोचायचा, तिथली पिन उपसायचा, शर्टाला पुसायचा, अर्धं मिनिट थांबून परत खोचायचा. आणि काय सांगावं! चार-दोन मिनिटांत पेठभर नेट चालू. तास-दोन तास बिनघोर.

“जोतीरामच्या हाताला गुण हाय,” लोक म्हणायला लागले. जोतीरामलाही ते गोड लागलं. का लागू नये? त्रेचाळिशीत गुडघा वाजायला लागलेल्या पैलवानाला अजून कुणीतरी नावाजतंय. सोमशेखर खूश, गिऱ्हाईक खूश. जूनमध्ये दिवसाआड एकदा वर जावं लागायचं. जुलैत रोज. मग दिवसातनं दोनदा.

बयाबाई मात्र खूश नव्हती. एकदा भर पावसात ती दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. आत ये म्हटलं तरी आली नाही.

“भावजी, गुडघा धरतोय त्यांचा. रातीला तेल लावून देते, पाय सरळ होत न्हाई. आणि तुमी त्यास्नी त्या शेवाळावर धाडताय.”

“वहिनी, दिवाळीपासनं त्याला खाली बसवतो. काउंटर त्याचा. शब्द देतो.”

“दिवाळी लांब हाय,” ती म्हणाली आणि छत्री उघडून गेली. सोमशेखरला त्या बोलण्याचा राग आला. खरं बोललं की येतोच.

त्यानंतर दोन दिवसांनी आकारामअण्णा आले. हे टेलिफोन खात्यातनं निवृत्त झालेले. अख्खा जन्म एक्स्चेंजमध्ये गेलेला, बोलणं कमी आणि खोकला जास्त. ते म्हणाले, “शेखर, ह्यो तारेचा रोग न्हवं. तार तुटली तर सगळंच बंद पडंल. हितं चालू हाय ते चालतंय आणि नवं लागत न्हाई. आमच्या एक्स्चेंजात सगळ्या लायनी भरल्या की असंच व्हायचं. तुझ्या राऊटरमधी बग, कोण लायनी अडवून बसलंय ते.”

“बघतो की अण्णा.”

“बग म्हणजे बग. दोन मिनिटांचं काम हाय. फुकट त्या गड्याला वर चढवतोयस.”

अण्णा गेल्यावर सोमशेखर हसला. जोतीरामनं विचारलं, “काय म्हणत होतं म्हातारं?” “काय न्हाई. त्येंच्या येळंला आसं हुतं न् तसं हुतं.” दोघंही हसले. खरं सांगायचं तर सोमशेखरला टोचलं होतं. राऊटरच्या पोटात शिरून बघायची त्याला भीती वाटायची. दुकान थाटलं तेव्हा इचलकरंजीच्या एका माणसानं ते यंत्र लावून दिलं होतं, तेव्हापासून ह्यानं त्याला हात लावला नव्हता. आपल्याला येत नाही हे कोण कबूल करणार? त्यापेक्षा जोतीराम वर जातोय ते बरं. असे आठ दिवस गेले. आठ दिवसांत पाऊस एक तास उघडला नाही. पंचगंगा पात्राबाहेर आली होती आणि बाळासोंची म्हातारी चिमणाबाई रोज जोतीरामला म्हणायची, “लेकरा, आज नगं जाऊस रं.” तो हसून शिडीला हात घालायचा.

नवव्या दिवशी तीनलाच नेट गेलं. फोनवर फोन. कुणाच्या पोरीचा निकाल लागणार होता, कुणाचा लेक अमेरिकेतनं बोलायला बसला होता. पाऊस असा, की समोरचं दुकान दिसेना. जोतीरामनं डोक्यावर खताची पिशवी बांधली.

“जरा थांब की,” सोमशेखर म्हणाला. “पाऊस कमी होऊ दे.”

“थांबून काय? निम्मी पेठ शिव्या घालतीया. हात लावून आलोच बग.”

सोमशेखर अजून एकदा थांब म्हणाला असता तर तो थांबला असता. पण तेवढ्यात फोन वाजला आणि त्यानं तो उचलला.

जोतीराम गेल्यावर त्याला एकाएकी कसंतरीच व्हायला लागलं. बसवेना, उठवेना. काहीतरी करायचं म्हणून त्यानं कॉम्प्युटरवर हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडली आणि बाळासोंच्या डब्यापलीकडच्या तालमीच्या कॉम्प्युटरला हाक मारली. उत्तर आलं. दुसरं आलं. तिसरं आलं. ओळीमागनं ओळ, एक हाक वाया जाईना. तार खराब असती तर असं झालंच नसतं. तार ठणठणीत होती.

त्यानं ड्रॉवरमधली वही काढली, इचलकरंजीवाल्यानं लिहून दिलेला पासवर्ड शोधला आणि पहिल्यांदा राऊटरच्या आत गेला. आत एक यादी होती. पेठेतला कोण या घडीला बाहेर कुणाशी बोलतोय, त्याची. यादीला जागा दोन हजारांची, आणि ती गच्च भरली होती. पानामागून पान तालमीचाच नंबर. वाजवलेली ती सगळी दारं, अर्धी तर उघडलेलीसुद्धा नव्हती, पण जागा अडवून बसली होती. बाकीच्या पासष्ट घरांनी दार वाजवायचं म्हटलं तर यादीत ओळच शिल्लक नाही. जोतीराम वर पिन उपसायचा तेव्हा तालमीची तार सुटायची, तिच्या ओळी गळून पडायच्या, आणि लोकांना वाटायचं हाताला गुण आहे. कॉम्प्युटर परत हळूहळू यादी भरेपर्यंत तास-दोन तास जायचे. एवढंच होतं ते सगळं. आकारामअण्णा अक्षर न् अक्षर खरं बोलले होते.

खालीच एक चौकट होती. एका घरानं एका वेळी किती दारं वाजवायची, तो आकडा. आजवर ती रिकामी होती. सोमशेखरनं तिथं दीडशे लिहिलं.

“आयला, एवढंच?” तो मोठ्यांदा म्हणाला.

जोतीरामला खाली बोलवायचं म्हणून बाळासोंच्या घरी लावायला त्यानं फोन उचलला, तोवर काळ्या खिडकीतली उत्तरं थांबली. म्हणजे पिन उपसली. यादीतले तालमीचे नंबर गळायला लागले. पोचला वाटतं, असं म्हणून सोमशेखर खुर्चीत मागं टेकला. त्याला हसू आलं. किती दिवसांनी छाती मोकळी झाली होती! खाली आल्यावर त्याला सांगू, लेका, आजपासनं तुझं वर जाणं बंद, दिवाळी कशाला, उद्यापासनं काउंटर. त्यानं मनातल्या मनात वाक्यसुद्धा जुळवलं.

अर्धं मिनिट झालं. आता पिन परत बसायची, उत्तरं सुरू व्हायची.

उत्तर नाही.

पुसत असेल. पावसानं भिजली असेल पिन. यादी जवळजवळ रिकामी झाली होती. फोन थांबले होते, म्हणजे पेठेत नेट चालू झालं होतं. काळ्या खिडकीत तेवढी एकच ओळ पुन्हा पुन्हा पडत होती. उत्तर नाही. उत्तर नाही. सोमशेखर त्या ओळी बघत राहिला. एक मिनिट, दोन मिनिटं, तीन. मग तो पायताण न घालता पावसात पळाला.

बाळासोंच्या बोळात माणसं गोळा झाली होती. डबा तारेसकट उपसून आला होता आणि भिंतीवर लोंबत होता. चिमणाबाई छाती बडवत होती. जोतीराम पाण्यात उताणा पडला होता, डोळे उघडे, शुद्धीवर. त्याच्या अंगाला कुठं रक्त नव्हतं, आणि सोमशेखरला वेड्यासारखं वाटलं, की वाचला.

वाचला खरा. कमरेखालचं अंग मात्र लुळं पडलं. डॉक्टरांनी तीन दिवसांनी सांगितलं, ते बयाबाईनं उभ्या उभ्या ऐकलं.

पाचव्या दिवशी सोमशेखर दवाखान्यात गेला. जाताना ठरवून गेला होता, की काही सांगायचं नाही. बयाबाई खाटेशी बसून मोसंबी सोलत होती.

“कुठला जॉइंट निघाला रं?” जोतीरामनं पहिलं तेच विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता. “मी काय पिनीपातूर पोचलोच न्हाई. पाय सटाकला तसा डबाच धरला.”

सोमशेखरला खोटं बोलवेना. घशाशी आलं ते सगळं त्यानं ओकून टाकलं. यादी, तालमीचा नंबर, ती चौकट. “तार चांगली हुती, जोत्या. कधीच खराब न्हवती.”

जोतीराम छताकडं बघत म्हणाला, “आकारामअण्णा त्या दिशी ह्येच सांगाय आलतं व्हय?”

“व्हय.”

“आणि तुला शोधायला किती येळ लागला?”

सोमशेखरला दुसरा आकडा सुचला असता तर बरं झालं असतं.

“दोन मिनिटं,” तो म्हणाला.

बयाबाईनं मोसंबीच्या फोडी बशीत ठेवल्या, पदराला हात पुसले आणि त्याच्याकडं न बघता म्हणाली, “भावजी, तुमी आता जावा.”