रेडिओची फळी

मोटरसायकलच्या हँडलवर रेडिओसाठी फळी बसवायचं खूळ माझंच. कॉमेंट्रीतला एक चेंडू सुटायला नको होता मला. पुठ्ठा कापून चारदा माप घेतलं, अंबडच्या वेल्डरकडून पत्र्याची फळी करून घेतली. रेडिओला हादरे बसू नयेत म्हणून खाली फोम घातला, वरून जुन्या ट्यूबचा पट्टा आवळला. मागं पाय टेकवायला एक दांडी लावून आणा, असं बायको वर्षभर सांगत होती. “लावू की, जल्दी काय आहे?” मी म्हणायचो. एवढा मी शहाणा.

एकदा बायकोला मागं बसवून निघालो, तर घनसावंगीच्या रस्त्यावर गाडी खड्ड्यात आदळली आणि कॉमेंट्री बंद पडली. पुढं बाभळीखाली थांबून मी रेडिओ सोडवला, थापटला, सेल काढून परत घातले. आवाज आला तसा खुशीत ओरडलो, “ऐक, झाला चालू!”

मागून उत्तर आलं नाही. वळून पाहिलं, तर सीट रिकामी. ती लांबून चालत येत होती, हातात तुटकी चप्पल, कोपर सोललेलं. जवळ येऊन तिनं आधी फळीकडं पाहिलं.

“रेडिओला लागलं न्हाई ना?”