मूल धरणारी तुळजाबाई

अंतरवाली सराटीत एखादं मूल औषध पीत नसलं की तुळजाबाईला बोलावणं जायचं. ती पाय पसरून जमिनीवर बसायची, मुलाला मांड्यांत उताणं घालायची, त्याचे हात गुडघ्यांखाली दाबायची आणि नाक चिमटीत धरायची. श्वासासाठी मूल तोंड उघडायचंच, की एरंडेल आत. ओकलं तर पुन्हा. आया बाजूला उभ्या राहून कौतुकानं बघायच्या, कारण त्यांचा जीव होत नसे. तुळजाबाईला स्वतःचं मूल नव्हतं, नवऱ्यानं त्यापायीच टाकली होती. लोकांची मुलं धरण्यात तिचा हात बसला आणि त्याचा तिला माज चढला. माजच म्हणायला हवा, दुसरा शब्द सापडत नाही.

पुढं अंबडच्या एका डॉक्टरनं सुई टोचताना मुलं धरायला तिला कामावर ठेवलं. तिथं तिनं बारा वर्षं काढली आणि एवढ्या वर्षांत एक पोर तिच्या हातून सुटलं नाही. डॉक्टर म्हातारा झाला, दवाखाना बंद पडला, तेव्हा १९९८ साली ती नवीन जालन्यात आली. स्टेशनजवळ पुष्पाताईंनी दोन खोल्यांत एक केंद्र काढलं होतं. न बोलणारी, एका जागी न ठरणारी मुलं तिथं यायची. बसायला, बोट दाखवून मागायला, जमलं तर बोलायला शिकायची. तुळजाबाई तिथं मदतनीस म्हणून लागली.

पुष्पाताई पुण्याला शिकून आलेल्या. त्यांचा एक कायदा होता. मूल आपणहून जवळ आलं तर काम सुरू करायचं. त्यानं तोंड फिरवलं, हात ढकलला, उठून गेलं, की काम तिथंच बंद. मग ते परत येईपर्यंत वाट बघायची. तुळजाबाईला हसू आवरत नसे. पोराला विचारून कोणी औषध पाजलंय का, असं ती झाडूवालीला म्हणायची, आणि पुष्पाताई आत गेल्या की त्यांच्या वाट बघण्याची नक्कल करून दाखवायची.

धावड्याची गिरिजा तेव्हा सहा वर्षांची होती. तिची आई बेबीनंदा आठवड्यातून दोनदा तिला घेऊन यायची, भोकरदनला एसटी बदलून. तीन तासांच्या प्रवासानंतर गिरिजा कधी दहा मिनिटं मणी ओवायची, कधी तेवढीही नाही. पुष्पाताईंचा हात बाजूला सारायची, चपला घालून दारात उभी राहायची. "झालं, आज एवढंच," असं म्हणून पुष्पाताई मणी डब्यात भरायच्या. बेबीनंदा खिडकीतून हे बघायची आणि आतल्या आत जळायची. गावी सासू विचारायची की पोरगी काय शिकली, आणि तिच्याजवळ सांगायला काही नसायचं.

चौथ्या महिन्यात गिरिजा बोलली. मण्यांची ताटली दूर लोटून ती "बास" म्हणाली. जन्मातला पहिला शब्द. पुष्पाताईंनी त्या क्षणी हात मागं घेतले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बेबीनंदाचं तोंड मात्र उतरलं. पोरगी आई म्हणाली नाही, पाणी म्हणाली नाही, बोलली तर नको म्हणायला बोलली. तुळजाबाईनं ते तोंड बघितलं आणि मनात ठेवलं.

महिन्याभरानं पुष्पाताईंचे वडील अंथरुणाला खिळले, त्यांना दीड महिना पुण्याला राहावं लागलं. जाताना त्यांनी तुळजाबाईला बजावलं, मुलांशी नुसतं खेळा, काही शिकवू नका. एसटीतून उतरलेल्या बेबीनंदाला तुळजाबाईनं दारातच सांगितलं, "मंग आता माझ्या हातानं बघा."

तिनं गिरिजाला खुर्चीत बसवलं, खुर्ची भिंतीला लावली, समोर आपल्या मांड्या आडव्या घातल्या. गिरिजा "बास" म्हणाली. तुळजाबाईनं तिचे दोन्ही हात तिच्याच गुडघ्यांवर दाबून धरले. गिरिजा पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, मग किंचाळली, चावली, चड्डीत लघवी केली. तुळजाबाई हलली नाही, रागावलीही नाही. राग तिला कधी येत नसे, ती नुसती धरून बसायची. तासाभरानं पोरगी मऊ पडली, तेव्हा तिच्या तोंडात खडीसाखर घातली. खिडकीत बेबीनंदानं डोळ्याला पदर लावला होता, पण आत आली नाही.

सहाव्या खेपेला गिरिजा आपणहून खुर्चीत बसली आणि गुडघ्यांवर हात ठेवून तासभर हलली नाही. बेबीनंदानं तुळजाबाईचे पाय धरले.

पुष्पाताई परतल्या. गिरिजाचं बसणं त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, ही बास म्हणते का?

"आता गरजच न्हाई पडत, ताई."

त्या दिवशी पुष्पाताई तिला पहिल्यांदा टाकून बोलल्या, गिरिजाच्या जवळ जायचं नाही असं सुनावलं. तुळजाबाईनं ऐकून घेतलं. हिला जे जमलं नाही ते मला जमलं म्हणून हिच्या पोटात दुखतंय, एवढाच त्याचा अर्थ तिनं लावला. पुष्पाताईंनी पुन्हा मणी काढले आणि गिरिजा थांबायची वाट बघू लागल्या. गिरिजा थांबेना. बोटं लाल झाली तरी ओवत राहिली, शेवटी पुष्पाताईंनीच ताटली उचलली. असे तीन महिने गेले आणि तो शब्द काही परत आला नाही.

पौषात बेबीनंदा गिरिजाला कडेवर घेऊन आली. पायाला फडकं गुंडाळलेलं. चुलीपुढं बसवून, "हलू नको," असं सांगून ती पाण्याला गेली होती. चुलीतला निखारा घरंगळून गिरिजाच्या पावलावर पडला. बेबीनंदा हंडा घेऊन परत आली तेव्हा घरभर वास होता, आणि पोरगी गुडघ्यांवर हात ठेवून तशीच बसली होती.

"आधी आसती तर समदं गाव गोळा केलं आसतं," बेबीनंदा तुळजाबाईला म्हणाली. "शेजारणी बघाया आल्त्या. म्हन्ल्या, किती शानी केली बाईनं."

हे ती मनापासून म्हणत होती.

पुष्पाताईंनी कोमट पाणी आणलं. फडकं जखमेला चिकटलेलं होतं. सोडवताना कातडी बरोबर निघाली, खाली लाल मांस दिसलं. गिरिजाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पाय जागचा हलला नाही आणि तोंडातून आवाज निघाला नाही. पुष्पाताईंनीच फडकं सोडून दिलं.

तुळजाबाई खाली बसली. मूल धरू नये, सुटावं, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं. तिनं गिरिजाच्या घोट्याला नुसती बोटं टेकवली.

"वढ गं पाय," ती म्हणाली. "माझ्या हातातून वढून घे. लाथ मार मला."

गिरिजानं तिचा आवाज ओळखला, दोन्ही हात गुडघ्यांवर नीट ठेवले आणि भाजलेला पाय आणखी पुढं केला.