मार्कोचा कडू घास

मी एका मेलेल्या माणसाचं लग्न लावून दिलेलं आहे. मुलगी चांगली होती, दवाखान्यात नर्स होती, आणि मला ती शाळेच्या मधल्या सुट्टीत सुचली.

असले उद्योग करण्याचा माझा स्वभाव नाही. तेलंगणातल्या गुडीहत्नूरला मराठी शाळेत मी मास्तर आहे आणि पोरांना वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगत आलो आहे, की जे छापलंय तेवढंच वाचा, मनाचं घालू नका. पण मायची नजर काचबिंदूनं गेली आणि रोज संध्याकाळी तिला कादंबरी वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. तिला आपल्याकडच्या गोष्टी नको असायच्या. आपलं तर मालूमच आहे, म्हणायची. म्हणून मी नांदेडला गेलो की अनुवादाचे गठ्ठे घेऊन यायचो. वीस-तीस वर्षांपूर्वीची कुठली लढाई, कुठला दुष्काळ, कुठला हुकूमशहा. माय प्रत्येक देशात शिरायची ती तिथं काय पिकतं हे विचारूनच. कापूस पिकत असला की तो देश घरचा! दुष्काळाची कादंबरी चालू होती तेव्हा ती पंधरा दिवस अर्धीच भाकर खात होती. शेवटी मला दोन पानं गाळून पाऊस लवकर पाडावा लागला. (पुढच्या पापाची सुरुवात ही इथली.)

मग मार्को आला. युरोपातलं एक शहर, चारी बाजूंनी वेढा पडलेला, नळ बंद. येलेना नावाची विधवा आणि तिचा हा एकुलता मुलगा. शेजारच्या शांताकाकूही सुपात तूर घेऊन ऐकायला बसू लागल्या. मार्को रोज कॅन घेऊन पाणी आणायला जायचा, आणि तो परत येईपर्यंत काकूंचा सुपातला हात थांबलेला असायचा.

चौदाव्या प्रकरणात मार्को निघाला. माझी नजर आवाजाच्या दोन ओळी पुढे धावते, मास्तरकीची सवय. पुढे लिहिलं होतं की गोळी लागली, कॅन पडला आणि त्यातलं पाणी उतारावरून येलेनाच्या दारापर्यंत वाहत आलं. मी घसा खाकरला आणि वाचलं, "मार्को पाणी घेऊन परत आला."

आता संपतदादाचं सांगायला हवं. माझा मोठा भाऊ आखातात ड्रायव्हर होता. लॉकडाऊनच्या वर्षी तो तिकडेच गेला. विमानं बंद होती, त्याला तिथंच पुरलं, आणि आमच्याकडे फोनवर एका कागदाचा फोटो आला. माझा धीर झाला नाही. मायला म्हटलं, दादा दवाखान्यात आहे, बरा होऊन राह्यला. असं आठ दिवस चाललं. नवव्या दिवशी खरं सांगितलं तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून बसली. कोणी भेटायला येऊ शकत नव्हतं. आमच्यात मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भाकर आणतात आणि हातानं एक घास भरवतात. कडू घास म्हणतात त्याला. तो घासही आला नाही. माय तेव्हा रडली नाही, नंतरही नाही, आणि दादाचं नावसुद्धा तिनं पुन्हा काढलं नाही. मला वाटायचं, बरं आहे, विसरली असेल. अशा बाईपुढे मी मार्कोला कसा मारणार होतो?

पण जिवंत ठेवलेला माणूस फार खर्चिक असतो. पुढच्याच प्रकरणात येलेना कबरीशी बसून रडत होती. मी तिची दाढ दुखवली. ती आणखी चार प्रकरणं रडली, म्हणून दाढ काढली. मग मार्को कुठे दिसेना हे काकूंच्या लक्षात आलं. घाईत मी त्याला कोळशाच्या खाणीत नोकरीला लावलं. तोंडात पहिलं आमच्याकडच्या खाणींचं बेल्लमपल्लीच आलं, तसंच काहीतरी गाव म्हणून वेळ मारून नेली. आता नोकरीवर गेलेला मुलगा आईला पत्र पाठवणारच. ही पत्रं मी शाळेत पोरांच्या वह्या तपासता तपासता लिहायचो आणि पुस्तकात घालून आणायचो. एका पत्रात चुकून लाल शाईनं "अक्षर सुधारा" असा शेरा पडला, तोही मी वाचून गेलो. मायनं विचारलं, आईले असं लिहिते का कोणी?

पगार आला तशा काकू त्याच्या लग्नाच्या मागे लागल्या. म्हणून ती नर्स. काकूंनी तिची उंची विचारली, माहेर विचारलं, आणि लग्नाला महिना झाला नाही तर गोड बातमीही विचारली. मी होय म्हणून बसलो. दुसऱ्या दिवशी काकूंनी मऊ जुनं लुगडं फाडून मार्कोच्या बाळासाठी झबलं शिवायला घेतलं. इकडे पुस्तक केव्हाच संपलं होतं. नर्सच्या सातव्या महिन्याचं कौतुक मी प्रकाशकाच्या पत्त्याकडे बघत वाचत होतो!

त्या शनिवारी एका प्रशिक्षणासाठी मी आदिलाबादला गेलो होतो. दुपारी परतलो तर दारात चपलाच चपला. चूल थंड. ओसरीत बाया बसलेल्या आणि मध्ये शांताकाकू, हातात झाकलेलं ताट. पिशवी टाकून मी तिथंच ओरडलो, "माय!"

"काय रे?" आतून मायचाच आवाज आला. रडून रडून बसलेला.

मी काकूंना विचारलं, कोण गेलं? त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मार्को."

काकूंची मुलगी पौर्णिमा बासरच्या कॉलेजात शिकते, सुट्टीवर आली होती. मायनं तिला बोलावून चौदावं प्रकरण वाचायला लावलं होतं. पोरीनं बिचारीनं छापलं होतं तेच वाचलं. पाणी दारापर्यंत आलं आणि मायनं हंबरडा फोडला. मार्को म्हणाली नाही, संपत म्हणाली. सगळी आळी धावत आली. कोणासाठी ते सांगावं लागलं नाही. काकू घरी गेल्या आणि पिठलं-भाकर घेऊन आल्या, इतक्या वर्षांनी.

मी मायजवळ जाऊन बसलो. तिनं चाचपडून माझा हात धरला.

"संपतच्या येळी ते आठ दिवस मी रोज जेवली रे. भाजीत मीठ नाही म्हणून तुयाशी भांडली. तिकडं माह्या लेकराले मातीत घालून राह्यले, अन् मी मीठ मागून राह्यली."

मला रडू फुटलं. दादासाठी मीही तोवर रडलो नव्हतो, खोटं सांभाळण्यातच वेळ गेला होता. काकूंनी पहिला घास मायला भरवला. दुसरा मायनं स्वतः अंदाजानं माझ्या तोंडाशी आणला. तो नाकाला लागला. मी खाल्ला.

बाया गेल्यावर मी विचारलं, तुला संशय कधी आला?

"मार्को पाणी घेऊन परत आला, तवाच. दादा बरा होऊन राह्यला म्हने, तवा असाच घसा खाकरला होता तू."

"मंग इतके दिवस काऊन ऐकलं?"

"त्याले नोकरी लागली. लगन झालं. बरं वाटे," म्हणाली. "मंग म्हनलं, आता पोराले किती दिवस राबवाव."

आता नवीन पुस्तक उघडलं की कोण मरणार ते मी आधीच सांगून टाकतो. तरीही पौर्णिमा सुट्टीवर आली की मागच्या प्रकरणांची फेरतपासणी होते. शांताकाकू दोन महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. मार्कोसाठी नव्हे, ते झबलं शिवून पूर्ण झालं होतं म्हणून. ते सध्या माझ्या पुस्तकांच्या कपाटात घडी घालून ठेवलेलं आहे. आयुष्यात मी एकच कादंबरी रचली. तिच्या दोन श्रोत्यांपैकी जिला डोळे होते तिनं झबलं शिवलं, आणि जिला दिसत नव्हतं तिनं मला पहिल्याच ओळीत नापास केलं.