मजूर बाईला काय सुचतं?

आधी कप खाली ठेवा. ऐकता ऐकता हसलात तर चहा सांडेल, आणि आमच्या हिची बोलणी मला खावी लागतील. तर असा घोळ घातलाय मी, की अजूनही स्टँडवर मंगरूळपीरची बस लागली की मी खांबाआड होतो!

मी तसा भित्रा माणूस. गॅस बंद आहे ना, हे तीनदा पाहिल्याशिवाय वाशीमच्या आमच्या घराबाहेर पडत नाही. जन्मभर कॉलेजात साहित्य शिकवलं. डॉक्टरेट केली. विषय काय? आजच्या कादंबरीतलं स्थलांतर, वर्ग आणि पूर्वग्रह! म्हणजे माणसं माणसांना कशी चुकीची ओळखतात, यावर मी जाडजूड प्रबंध लिहिलाय. हे लक्षात ठेवा हं. पुढे लागेल.

मंगरूळपीरच्या एका वाचनालयाने कादंबरीच्या हस्तलिखितांची स्पर्धा ठेवली होती. पहिली येईल ती वाचनालय छापणार. मी परीक्षक. बाडांवर नावं नाहीत, नुसते क्रमांक; नावं बंद लिफाफ्यात. सेक्रेटरी दिनकररावांनी नियम बजावला, "सर, लेखकानं परीक्षकाले आपलं नाव कळू देल्लं, का स्पर्धेतून बाद!"

चौथं बाड हातात घेतलं आणि मी जेवण विसरलो. रिठदजवळच्या वस्तीतली एक बाई. सुगी आटोपली की नवऱ्याबरोबर हैदराबादला बांधकामावर जाते. तिथे ती 'बाहेरची'. सहा महिन्यांनी परत आली, की गावातली बरी माणसंही तिला बाहेरचीच समजतात! एक इमारत पुरी होते. राहिलेली कळशी आणायला ही जाते, तर वॉचमन गेटातून आत सोडत नाही. ती रस्त्यावर उभी राहून सातवा मजला शोधते आणि मनात म्हणते, "न्हानीतली एक फरशी वाकडी बसली हाय. थे फक्त मले माहीत. त्यायचे पाय रोज तिच्यावर पडतीन, अन् मले कोनी वळखनार नाही."

अहो, अंगावर काटा आला! इतकी वर्षं पुस्तकं वाचली, पण गेटाबाहेरचं माणूस असं कुणी दाखवलं नव्हतं मला.

आणि मी काय केलं? लाल पेन काढला आणि समासात लिहिलं, 'उत्तम. परंतु हा विचार लेखकाचा आहे. मजूर बाईला असे सुचणार नाही.'

माझा सिद्धांतच होता तो. शिकलेला लेखक गरिबाच्या तोंडी स्वतःचं मन घालतो. हाही कुणी पुण्याबिण्याचा, खुर्चीत बसून लिहिणारा असणार.

पण लिहिलं आणि लगेच शंका आली. कुणावर अन्याय तर नाही ना होत? आमच्या हिला म्हणालो, "रिठदला जाऊन खरं-खोटं तपासून येतो."

"काहून? तुमी परीक्षक हा का जमादार?"

तरी गेलो. वस्तीवर निंबाखाली चारपाच बाया तूर पाखडत होत्या. बाजेवर एक म्हातारेबुवा, किसनबुवा त्यांचं नाव. मी म्हटलं, "एका कादंबरीतले तपशील तपासायला आलोय," आणि पिशवीतून बाड काढलं. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीच्या हातातलं सूप थांबलं.

"सुरेखे," किसनबुवा म्हणाले, "सरायले चहा ठेव." सूप थांबलेली बाई उठून आत गेली.

मी वाचायला सुरुवात केली. "ही बाई गाव सोडताना चूल उलटी करून ठेवते. हे जरा काव्यमय वाटतं. खरंच ठेवता का तुम्ही?"

"काव्य कायचं जी!" एक बाई म्हणाली, "चुलीत मांजर विते! सुरेखीच्या चुलीत मांगच्या साली तीन पिल्लं निंगाली."

आतून सुरेखाबाईंना ठसका लागला. मी पुढचं वाक्य अर्धं वाचलं, तर उरलेलं अर्धं आतून ऐकू आलं. शब्दाला शब्द!

"वा! तुम्हाला कसं हो कळलं?"

"अंदाज जी."

मी समासात टिपलं, 'वास्तवाचे अचूक भान.' हसू नका! अजून सांगायचंय.

मग फरशीचा उतारा वाचला. किसनबुवांनी उपरण्याने डोळे पुसले. आणि लागलीच मी माझा लाल शेराही मोठ्याने वाचून दाखवला.

सुरेखाबाई चहा घेऊन बाहेर आल्या होत्या. म्हणाल्या, "मंग मजूर बाईले काय सुचते, सर?"

आणि मी सांगितलं हो! चांगली पंधरा मिनिटं, मुद्देसूद. भूक, थकवा, लेकरांची काळजी. दिवसभराच्या कष्टाने विचारशक्ती कशी मंदावते, तेही. त्या मान डोलावत ऐकत होत्या. बाकीच्या बायांनी तोंडाला पदर लावले होते. मला वाटलं, भारावल्यात.

"लयच अभ्यास हाय तुमचा," सुरेखाबाई म्हणाल्या. "मंग हे लेहनाऱ्याचे मार्क कापसान काय? पुस्तक नाही छापनार त्याचं?" बशी त्यांनी मला द्यायची सोडून स्वतःच धरून ठेवली होती. मला वाटलं, गरम असेल.

"तसं नाही. वाक्य छानच आहे, पण..."

"छान हाय का नाही, थे कोनाचं हाय ते पाहून ठरते काय जी?"

मी घाईघाईने बशी तोंडाला लावली. चहा मात्र झकास होता. परतीच्या बसमध्ये तो प्रश्न माझ्या शेजारीच बसून आला. घरी येऊन शेरा खोडला आणि चौथ्या बाडाला पहिला क्रमांक दिला.

इथे थांबलो असतो तर निभलं असतं. पण समारंभात परीक्षकाचं भाषण असतं ना!

मंगरूळपीरला मंचावर बसलो आणि बघतो तर पहिल्या रांगेत अख्खी वस्ती! जीप करून आलेली. मला गहिवरून आलं. एका भेटीत माणसांनी केवढा जीव लावला मला! भाषणात म्हणालो, "विजेते लेखक शहरातले, उच्चशिक्षित असावेत. त्यांना माझी विनंती आहे, सत्कारानंतर समोर बसलेल्या सुरेखाताईंना जरूर भेटा. यांच्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे."

सुरेखाबाईंनी मान खाली घातली. किसनबुवांनी उपरण्याचा बोळा तोंडात कोंबला.

दिनकररावांनी लिफाफा फाडला. "बाड क्रमांक चार. लेखिका, सुरेखाबाई, मुक्काम रिठद!"

सत्काराची शाल माझ्या हातात होती. गोंधळून ती शाल मी स्वतःच्याच खांद्यावर घेतली.

"सर!" किसनबुवा खालून ओरडले. "थे सुरेखीची हाय!"

हॉल फुटेस्तोवर हसला. सुरेखाबाई वर आल्या, हळूच म्हणाल्या, "माफ करा जी. नाव सांगलं असतं तं बाद झाली असती. पुरी वस्ती तोंड दाबून बसली होती. पन तुमचे थे पंधरा मिनिटं लय जड गेले, बाप्पा!"

मी हात जोडले, मनापासून. एवढ्या वर्षांत माझं व्याख्यान इतकं शांतपणे कुणी ऐकलं नव्हतं, आणि एवढ्या वर्षांत मी इतकं चांगलं लिहिलेलंही वाचलं नव्हतं.

छपाईआधी त्यांनी एक नवं प्रकरण आणून दिलं. "पाहून द्या, सर." मी पाहिलं. एक म्हातारा प्रोफेसर लाल पेन घेऊन वस्तीवर येतो आणि एका मजूर बाईलाच तिला काय सुचतं ते समजावून सांगतो. माझा हात आपोआप समासाकडे गेला. लिहिलं, 'पात्र अतिरंजित. इतका शिकलेला माणूस असे वागणार नाही.'

आमची ही मागे चहा घेऊन उभी होती. तिने शेरा वाचला. कप ठेवला.

"मंग?" ती म्हणाली, "हे तपासाले आता कुठं जासान?"