विहिरीवरून दिसणारी जागा

दर मे महिन्यात आई एकच गोष्ट मागायची. "मना एकदा धरनात ने." आणि दर मे महिन्यात मी तिला उडवून लावायचो. "काय ठेवलंय तिथे? चिखल आणि दगड!"

आणि मी स्वतः? महिन्यातून दोनदा तिथेच पडलेला असायचो.

विरारच्या मनवेलपाड्यात आमचं घर. हायवे ओलांडून डोंगरामागे गेलं की ते धरण. आमचं मूळ गाव त्याच्या पाण्याखाली गेलं, तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की तळ उघडा पडतो आणि आमच्यासारख्या जीपवाल्यांची चैन होते. शनिवारी काठावर तंबू ठोकायचा, रविवारी गाड्या चिखलात घालायच्या. माझी जीप जुनीपुराणी, पण जीव की प्राण. बायको तिला सवत म्हणते.

अवघड जागा आली की आमच्यातला एक जण खाली उतरतो, समोर उभा राहतो आणि हाताने सांगतो: डावीकडे, अजून, बस. चालवणाऱ्याने स्वतःची अक्कल पाजळायची नाही, त्या हाताकडे बघायचं. हे काम बहुतेक माझ्याकडे असायचं. आवाज मोठा, डोकं तापट, त्यामुळे कोणी उलट बोलायचं नाही.

यंदा डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदूने आईची नजर झपाट्याने चालली आहे, गेलेली परत यायची नाही. दवाखान्यातून परतताना रिक्षात ती म्हणाली, "आता तरी नेशील का रे? नजर हाय तवर. तुजी मोठी बहीन हाय तिथं."

मला बहीण होती, हे मला पंचेचाळिशीत कळलं. नऊ दिवसांची होऊन गेली. बारसं झालं नव्हतं, म्हणून नावही नाही. एवढ्या तान्ह्या बाळाला जाळत नाहीत, पुरतात. बाबा तिला माळावर घेऊन गेले. बायकांनी जायचं नसतं, म्हणून आई गावच्या विहिरीवर उभी राहून बघत होती. पुढे गाव उठलं, पाणी भरलं. बाबांनी मरेपर्यंत तो विषय काढला नाही.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" मी रिक्षातच ओरडलो. रिक्षावाला दचकला.

"तू इचारलास कदी?"

कपाळ माझं.

त्या शनिवारी मित्रांना कटवलं आणि आम्ही दोघंच गेलो. ती पुढच्या सीटवर, हातात काठी, दोन उशा कमरेला. खड्ड्यांतून मी इतकी हळू जीप आयुष्यात चालवली नव्हती. काठावर तंबू लावला तर ती हसायला लागली. "भुईवर झोपाया येवडा खटाटोप? आमी जल्मभर तेच केला की!" संध्याकाळी स्टोव्हवर मी चहा केला, तिने नावं ठेवत प्यायला. पण सगळा वेळ ती पाण्याकडे तोंड करून बसली होती.

सकाळी उन्हं चढायच्या आत तिला विहिरीपाशी नेलं. विहीर गाळाने भरलेली, फक्त दगडी कठडा हातभर वर येतो. आम्ही जीपवाले त्यावर बसून चहा प्यायचो, बिस्किटांचे कागद तिथेच टाकायचो. आईने कठडा हाताने चाचपला आणि एका ठरावीक जागी जाऊन उभी राहिली.

"त्या दोन काळ्या दगडांच्या मदनं जा. मना दगड दिसतात. तुजा सदरा पन दिसतो."

मी निघालो. ती मागून सांगत होती, "अजून. उजवीकडं. अजून पुडं." मी वळून वळून तिच्या हाताकडे बघत होतो. अर्ध्या वाटेत मला समजलं मी कुठे चाललोय. तिथे पुढे एकच सपाट, कडक तुकडा आहे. गाडी जागेवर गरगर फिरवायला तो पट्टा मीच शोधला होता. नव्या पोरांना मीच तिथे नेऊन शिकवायचो, वर व्हिडिओ काढायचो.

"बस!" आई ओरडली. "थांब तिथंच."

माझ्या चारी बाजूंनी टायरच्या चाकोऱ्या होत्या. गोल गोल, वीतभर खोल.

"कसा हाय रे तिथं? साफ हाय ना?"

"हो. साफ आहे," मी म्हणालो. तिला तिथून दिसणार नव्हतं, आणि माझी जीभ खोटं बोलून मोकळी झाली.

पण ती काठी टेकत यायला निघाली. मी धावलो, हात दिला. चाकोरीत तिचा पाय गेला, ती थांबली, काठी आत घालून बघितली. मग खाली बसून हाताने चाचपत गेली, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"कोनाची गाडी?"

मित्रांवर ढकलता आलं असतं. मुंबईची पोरं येतात, म्हटलं असतं तर तिने मान्यही केलं असतं.

"माझी, आये. बाकीच्यांच्याही आहेत, पण पहिली माझी. मला माहीत नव्हतं गं." मी रडायला लागलो होतो. एवढा मोठा बाप्या, उघड्यावर, हमसून हमसून.

ती चाकोरीच्या कडेची माती ओढून आत लोटायला लागली. मीही गुडघ्यांवर बसलो आणि लोटायला लागलो. ऊन डोक्यावर यायला लागलं तेव्हा मधला हातभर तुकडा सपाट झाला.

"चहाचा दूद उरलाय का?" तिने विचारलं.

मी धावत जाऊन पिशवी आणली. तिने सगळं दूध त्या मातीवर ओतलं, जमीन ते पिऊन टाकेपर्यंत बसून राहिली, आणि मग ओल्या हाताने माझं तोंड पुसलं.

"रडू नको, बाला. तुजा बापूस परत कदी आला नाय. मना येता आला नाय. येवड्या वर्सांत तिच्याकडं तू एकटाच येत व्हतास."