गळतीकाकांचा मांडव

छप्पर कुणाचंही असो, गळतीकाका आधी खाली उभे राहून भिंतीवरचा ओला डाग बघत, मग जिभेने ‘च्’ करत आणि भलत्याच कोपऱ्यात जाऊन चीर शोधून काढत; गळती काढणं हाच त्यांचा धंदा. पाणी शिरतं एकीकडे आणि टपकतं दुसरीकडे, हे त्यांचं आवडतं वाक्य. लग्नाला गेले तरी ते आधी आढ्याकडे बघत, मग यजमानांकडे. खरं नाव बायकोलाच काय ते ठाऊक असावं.

अशा माणसाच्या वाट्याला मांडवांचा सण यावा, ही थट्टाच म्हणायची. यहुदी घरांत शरद ऋतूत सणांची रांगच लागते. नव्या वर्षाला सफरचंद मधात बुडवून खायचं, मग ज्यांना दुखावलं त्यांची माफी मागून कडक उपवास करायचा, आणि तो सुटतो न सुटतो तोच उघड्या आभाळाखाली मांडव घालून आठवडाभर त्यात जेवायचं. मांडवाचं छप्पर फांद्यांचं, तेही असं विरळ की वर चांदण्या दिसाव्यात आणि पाऊस आला तर आत यावा. काकांच्या हिशेबाने हे मुद्दाम केलेलं भिकार काम.

आजवर हे संकट त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. मांडव सासऱ्यांच्या अंगणात असायचा; काका जावईबापू म्हणून खुर्चीत बसायचे आणि वर न बघायची शिकस्त करायचे. पण सासरे उन्हाळ्यात गेले, अंगणासकट घर विकलं गेलं, आणि नव्या वर्षाच्या दिवशी काकूंनी मधाची बोटं पुसत जाहीर केलं, “यंदा मांडव आपल्या गच्चीत. आणि तो तुम्ही घालायचा.” एवढं बोलून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडून बराच वेळ नुसत्याच उभ्या राहिल्या. वडिलांशिवायचा बायकोचा हा पहिलाच मांडव. तो आपल्या हातून बिघडता कामा नये, एवढं काकांच्या डोक्यात पक्कं बसलं.

उपवासाच्या आदल्या दिवशी त्यांनी काकूंची माफी मागितली. नेहमीसारखी घाऊक, म्हणजे वर्षभरात काही कमीजास्त झालं असेल तर वगैरे. काकूंनीही ती घाऊकच देऊन टाकली.

उपवास सुटला तसे काका कामाला लागले. चार वासे, तीन बाजूंना कापड, वर फांद्या. इथवर ठीक होतं. पण हातांना सवय ती सवय; फांद्या आपोआप कौलांसारख्या एकावर एक बसायला लागल्या. त्यात आभाळ भरून आलेलं. काकूंच्या सुपात पाऊस पडतोय, हे चित्र काकांना बघवेना. ते खाली गेले आणि कामावरचं प्लास्टिक काखोटीला मारून वर आले. फांद्यांच्या दोन थरांमध्ये ते इतकं बेमालूम बसलं की त्यांनी स्वतःलाच शाबासकी दिली. नियम त्यांना तोंडपाठ होता. पण नियम करणाऱ्यांनी काकूंना नळापाशी उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

सण संध्याकाळी लागणार होता. दुपारी काकू टेबलावर चादर घालत असतानाच पाऊस आला. त्यांनी तळवा वर करून हात पुढे केला. पाऊस धो धो, तळवा कोरडा. त्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. तिथेही कोरडा. काका भिंतीचं कापड नीट करण्यात गढून गेले होते. कापड नीटच होतं.

“अहो, वर काय घातलंय?”

“फांद्या.”

“आणि?”

“आणखी थोड्या फांद्या.”

काकू खुर्चीवर चढल्या आणि त्यांनी एक डहाळी बाजूला केली. “माफी मागून चार दिवस नाही झाले, तोवर नवी लबाडी!” पण हसू काही आलं नाही त्यांना. “हा मांडव नाही. हे तुमचं नेहमीचं काम आहे. मी नाही बसणार इथे. घरातच जेवेन.”

सूर्य मावळून सण लागला की कामाला हात लावायला मनाई होती. काका शिडी लावून पावसात वर चढले. प्लास्टिक ओढलं तसं साठलेलं सगळं पाणी त्यांच्या बाहीतून थेट कमरेपर्यंत गेलं. मग ते फांद्या विरळ करायला लागले. समोरच्या खिडकीतून एक मास्तरीणबाई, त्यांचं जुनं गिऱ्हाईक, ओरडल्या, “काका, एवढ्या पावसात कुणाची गळती काढताय?”

“काढत नाही हो बाई, घालतोय!”

बाईंनी घाईघाईने खिडकी लावून घेतली.

सांजेला घरात मेणबत्त्या लागल्या आणि दोघं मांडवात येऊन बसली. पाऊस आता भुरभुर होता. एक थेंब पावावर पडला, एक काकांच्या टकलावर. प्रत्येक थेंबाला ते दचकत होते. शेवटी त्यांना राहवेना. “मला वाटलं, गळलं तर म्हणशील, बाबांचाच मांडव बरा होता.”

“बाबांचा? तो तर दरवर्षी गळायचा. आईचं सूप एवढं पातळ का लागायचं, तुम्ही कधी विचारलं नाहीत?”

काकांनी ते सूप वर्षानुवर्षं सासूबाईंच्या हातची चव म्हणून, वर आणखी मागून घेऊन प्यायलं होतं. त्यांचा चेहरा बघून काकू हसायला लागल्या, आणि हसता हसता बाबांची आठवण येऊन रडायला लागल्या. काकांनी पाव पुढे सरकवला.

पाऊस वाढला. सूप खराब व्हायला लागलं की खुशाल घरात जावं, अशी मुभा आहे, आणि काका तिच्यावर टपलेलेच होते. त्यांनी पातेलं उचललं. काकूंनी त्यांचा ओला हात धरून त्यांना खाली बसवलं.

“थांबा ना,” त्या म्हणाल्या. “अजून थोडं गळू दे.”