जहाजचाचांची दुभाषेगिरी

जहाजचाचांना पोहता येत नव्हतं. देऊळघाटच्या पोरांनी त्यांना विहिरीवर नेऊन याची खात्री करून घेतली होती. मालवाहू जहाजावर उभा जन्म काढलेला हा माणूस लुंगी सावरत काठावरच उभा राहायचा आणि म्हणायचा, "मी जहाजावर खानसामा व्हतो बे, मासोळी नव्हतो." नोकरी संपवून गावी परतल्यावर त्यांनी फाट्यावर आम्लेटची गाडी टाकली. तिथे अंडी कमी आणि गप्पा जास्त खपायच्या.

गप्पांचा विषय एकच, युरोपातले शब्द. तऱ्हेतऱ्हेच्या देशांचे खलाशी जेवू घातल्यामुळे चाचांना त्यांच्या भाषा स्वयंपाकघरापुरत्या येत होत्या, त्यापुढे नुसता आत्मविश्वास होता. त्यांचं म्हणणं असं, की शब्द पोरीसारखा असतो, ज्या घरी दिला त्या घरचा होतो. "आता बुर्रो घ्या. इटलीत दिला तं लोनी झाला, स्पेनात दिला तं गधा. आमचा इटलीचा कप्तान रोज पावासंगं बुर्रो मागे, अन् स्पेनचा खलाशी हसून हसून आडवा होये." म्हणून कुणी कसलाही शब्द विचारला की ते आधी उलट विचारायचे, "कोन्या घरचा?" शाळेतल्या इंग्रजीच्या पुस्तकालाही त्यांनी हाच प्रश्न लावला, तेव्हापासून गुरुजी त्यांना टाळू लागले.

ग्रीसच्या एका बंदरावर ते ऑलिव्ह घ्यायला उतरले होते. दुकानदार मापानं पिशवीत टाकत होता आणि आणखी टाकू का म्हणून बघत होता. चाचा हात हलवून आपल्या वऱ्हाडीत "नै, नै" म्हणत होते. ग्रीक भाषेत 'ने' म्हणजे हो. चाचा पोतं घेऊन जहाजावर आले, आणि मग सगळ्या जहाजानं खिचडीतसुद्धा ऑलिव्ह खाल्ले.

आमच्याकडे बीटी कापूस आला तेव्हा बोंडअळी गेली म्हणून सगळे खूश होते. काही वर्षांनी अळी परत आली आणि तिच्या मागोमाग फवारणीच्या बाटल्या आल्या. खोकं घेतलं की दुकानदार भिंतीवरचं घड्याळ गिफ्ट द्यायचा. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा दिलीपराव, ते घड्याळ मिरवत चाचांच्या गाडीवर गेले. चाचा म्हणाले, "दिलीप, जर्मनीत गिफ्ट म्हंजे जहर. स्वीडनमंदी जहर बी, अन् लगन झालेला बी. त्यायले दोन्हीत काही फरक दिसला नसन." मालक इतके हसले की आम्लेट गार झालं. मग मालकांच्या खोक्यातल्या बाटलीकडे बघून चाचा म्हणाले, "ते लोक जहराले जहर तरी म्हन्तात. आपन औषध म्हन्तो." हे सगळं मालकांनीच घरी येऊन मला सांगितलं, लग्नाच्या भागावर जास्त जोर देऊन. घड्याळ अजून भिंतीवर आहे आणि चालतंही.

त्याच हंगामात मालक त्या औषधानं गेले. फवारताना अंगात भिनलं की त्यांनी स्वतः घेतलं, हा प्रश्न मग गाड्या भरभरून माझ्या दारात आला. परदेशी पत्रकार आणि अभ्यासक यायचे, कुणी कॅमेरा आणायचं, कुणी छापील प्रश्न. प्रत्येकाबरोबर एक दुभाष्या असायचा आणि तो चेहरा पाडून विचारायचा, "ताई, कसे गेले?" मी काहीबाही सांगायची. ते माझ्या रडण्याची वाट बघत बसायचे. मला मनस्वी चीड यायची. नवरा माझा गेला होता आणि उत्तराची घाई यांना होती.

जर्मन लोक आले त्या दिवशी त्यांचा दुभाष्या बुलढाण्याच्या लॉजवर पोट धरून पडला होता. रस्ता विचारायला जीप फाट्यावर थांबली, तर चाचा अंड्यांवर फडकं टाकून सरळ जीपमध्ये जाऊन बसले. मी वावरात कमरेला ओटी बांधून कापूस वेचत होते. गोऱ्या बाईनं काहीतरी लांबलचक विचारलं. चाचांनी टोपी नीट केली. आता यांच्याही तोंडून तेच ऐकायचं, म्हणून मी मान खाली घातली.

चाचा म्हणाले, "शोभा, दिलीप कसा गेला ते हे विचारून राह्यले. तुले सांगावं वाटते काय?"

हे आजवर मला कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, "नाही."

चाचा वळले. आता ते या शब्दाला चार घरं फिरवून आणतील असं मला वाटलं. ते एवढंच म्हणाले, "नाइन." जर्मनीच्या घरचं नाही. बाईनं पुन्हा विचारलं. चाचा पुन्हा, "नाइन." मग पाहुण्यांना भूक लागली असणार असं स्वतःच ठरवून त्यांनी माझी भाकरी आणि ठेचा त्यांच्यात वाटून टाकला. पाहुण्यांना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि अखेर रडणं तेवढं झालं. चाचा त्यांना घेऊन निघून गेले. मी उपाशी राहिले, पण कित्येक महिन्यांनी त्या रात्री मला गाढ झोप लागली.

पुढे एकदा मी त्यांना छेडलं, "चाचा, ग्रीसचे आले असते तर? तिथं तुमचं नै म्हंजे हो."

"मंग मी बी लॉजवर पोट धरून पडलो असतो."

चाचा थकले, गाडी बंद झाली, खाटेवर आले. मी तुरीच्या शेंगा घेऊन भेटायला जायची. ते म्हशीचं विचारायचे, माझ्या पोराच्या नोकरीचं विचारायचे, आणि तेवढी एक गोष्ट कधीच विचारायचे नाहीत. एका दुपारी मी आपणहून त्यांना सगळं सांगितलं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत घडलं तसं. त्यांनी विचारलं नव्हतं म्हणूनच सांगता आलं. चाचांनी डोळे मिटून ऐकलं. शेवटी सुनेला हाक मारली, "शोभा कू चाय ला बेटा, शक्कर बराबर डाल."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते गेले. मला फार आठवतात. आता गावात कुणाचा नवरा गेला आणि मी बसायला गेले, की त्या बाईला आधी विचारते, तुले सांगावं वाटते काय. नाही म्हणाली तर फडक्यातली भाकरी सोडते आणि दोघी जेवतो.

त्या दुपारी मी चाचांना काय सांगितलं, हे वाचणाऱ्यांनाही जाणून घ्यावंसं वाटत असेल.

नाइन.